तूबाचं झाड आणि गंजनाम्याचा खडक

माझे सासरे मश सफदर यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तरीही त्यांचं सगळं आयुष्य एका मजकुरापुढे गेलं.

आमच्या दरीच्या वरच्या अंगाला, धबधब्याला लागून, अलवंद डोंगराच्या कड्यात दोन चौकोनी कोनाडे कोरलेले आहेत. प्रत्येकात तीन रकाने, आणि रकान्यांत खिळे ठोकून ठेवल्यासारखी अक्षरं. एक कोनाडा जुन्या राजाचा, दुसरा त्याच्या मुलाचा. पूर्वीच्या लोकांनी त्याला गंजनामा म्हटलं, म्हणजे खजिन्याचा दस्तऐवज. नाव पडलं आणि काम झालं. हमदान शहरापासून आमच्या वाडीपर्यंत माणसं पिढ्यान् पिढ्या मानत आली की या डोंगरात कुठंतरी सोनं पुरलंय आणि कुठं ते दगडावर लिहून ठेवलंय. वाचणारा तेवढा उरला नाही.

मश सफदरांचा धंदा जात्यांना टाकी लावण्याचा. ओढ्याकाठच्या पाणचक्क्यांचे दगड झिजले की त्यांना बोलावणं यायचं. छातीत दगडाची धूळ, बोटांत कायमची बधिरता, आणि डोळे असे की समोरच्या माणसाकडे बघतानाही कुठं घाव घालावा ते शोधतायत असं वाटावं. विजेच्या गिरण्या आल्यावर काम कमी झालं आणि खणणं वाढलं. स्वतःच्या रानात, पडीक उतारावर, ओढ्याच्या जुन्या पात्रात त्यांनी खड्डे घेतले. एकात हिवाळ्यात बर्फ साठायचं, एकात शेजाऱ्यांची कुत्री व्यायची. सोनं कशातच नव्हतं.

"आयुष्यभर डोंगर उकरला," माझी सासू तूबा म्हणायची, "पण चुलीतली राख काढा म्हटलं की यांची पाठ धरते."

त्यांचा हिशेब मात्र साफ होता. पहिल्या रकान्यात जागा. दुसऱ्यात ती उघडण्याचा मंत्र. तिसऱ्यात वाटेकरी कोण ते. दुसरा कोनाडा मुलाचा, कारण बापानं पुरलं आणि मुलानं कुलूप बदललं. आठ वर्षांचं युद्ध संपल्यावर कोनाड्यांजवळ भाषांतराची पाटी लागली तेव्हा माझा नवरा इरज त्यांना तिथं घेऊन गेला. मी नवी सून, मागे उभी.

"बाबा, इथं लिहिलंय की सगळीकडे एकच मजकूर आहे. तीन भाषांत."

"काय मजकूर?"

"देव मोठा आहे. त्यानं ही जमीन केली, ते आकाश केलं, माणूस केला, माणसासाठी सुख केलं. आणि मला राजा केलं."

"पुढं?"

"पुढं राजाची मोठाई."

"खजिना?"

"नाही, बाबा."

मश सफदर हसले. त्यांना आपल्या शिकलेल्या मुलाची दया आली असावी. "इरज, तू मिनीबस चालवतोस, तुला हा दगड माहीत नाही. यात एक खिळा उमटवायला किती छिन्न्या मोडतात ते मला विचार. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कोण कोरेल? आणि देव मोठा आहे एवढंच सांगायचं होतं, तर ते मशिदीतून रोज ऐकू येतं. फुकट."

"मग पाटी खोटी?"

"खरं लिहिलं असतं तर उद्या सगळं हमदान कुदळी घेऊन आलं असतं. लिहिणारा काय वेडा आहे?"

हे त्यांचं कामगाराचं शहाणपण होतं, आणि त्यांची चूक त्या शहाणपणातूनच आली होती. ज्यानं कधी दगड फोडला नाही त्यानं पाटीवर सहज विश्वास ठेवला असता.

खरी अडचण पाटीची नव्हती. अडचण तूबाच्या झाडाची होती.

कोनाड्याच्या कडेला खडकात जुनी भोकं आहेत. तरुणपणी मश सफदरांनी त्यातल्या एका भोकात काठी घालून पाहिली. काठी दरीत खाली बोट दाखवू लागली, आणि त्या बोटाच्या टोकाला नेमका आमच्या शेताच्या बांधावरचा मोठा अक्रोड होता. पण तो अक्रोड त्यांचा राहिला नव्हता. लग्नात त्यांच्या वडिलांनी मेहेर म्हणून तूबाच्या नावे लिहून दिलेलं ते झाड होतं, बुंध्याखालच्या जमिनीसकट. काठीचा शोध लागला लग्नानंतर.

"बापानं घाई केली," ते म्हणायचे.

मेहेर बायकोचा. तिनं मनापासून सोडल्याशिवाय त्याच्या मुळाला कुदळ लावणं हराम. दुसऱ्या कुणी नवऱ्यानं कदाचित लावलीही असती. मश सफदरांनी लावली नाही. सबंध डोंगर खणला, पण तेवढी जागा सोडली, आणि दरवर्षी अक्रोड उतरवायच्या वेळी एकदा विचारलं.

"तूबा, यंदा?"

"यंदा नाही."

"मुळं सांभाळून खणेन."

"जात्याला टाकी लावणारा माणूस मुळं सांभाळणार. या डोंगरात माझ्या नावाचं एवढंच एक आहे, मश सफदर. तुमच्या राजाला सांगा, दुसरीकडे पुरायचं होतं."

ती हे हसत म्हणायची. ते हसत नसत. जेवून उठत आणि झाडाखाली जाऊन बसत, बंद दाराला पाठ लावून बसावं तसे. या घरात आल्यापासून मी बघत होते: त्यांना मरायच्या आधी त्या झाडाखाली खणायचं होतं, आणि तिला मरायच्या आधी ते झाड उभं हवं होतं. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, म्हणून तर हे इतकी वर्षं चाललं.

मी कुर्दी. सोनकोरच्या बाजूची. तूबा तुर्की बोलणाऱ्या गावची. घरात, बकऱ्यांशी, देवाशी ती तुर्कीच बोलायची. मश सफदर हमदानचे फारसी बोलणारे, आणि तुर्की समजत असूनही तोंडातून काढायची नाही असा त्यांचा शहरी ताठा. "तुर्कीत बोललं की माणूस भांडतोय की जेवायला बोलवतोय ते कळत नाही," असं ते म्हणत. माझी कुर्दी त्यांना फक्त उन्हाळ्यात वर येणाऱ्या मेंढपाळांमुळे माहीत होती. घरात आम्ही तिघं तीन बाजूंनी बोलायचो आणि मध्ये इरज ट्रॅफिकच्या पोलिसासारखा हात हलवत बसायचा.

माझी मुलगी रोझीन या गलक्यात वाढली. तीन वर्षांची झाली तरी फारशी बोलत नव्हती. भूक लागली की आजीची तुर्की, झोप आली की माझी कुर्दी, आजोबांच्या खांद्यावर बसून भटकताना फारसी. तिनं जणू एकेका गरजेला एकेक भाषा वाटून दिली होती. फारसीत "जेवायला चल" म्हटलं तर वळून बघायची नाही. तुर्कीत म्हटलं की धावत यायची.

"तीन कुलपं घातलीत तुम्ही लोकांनी पोरीच्या तोंडाला," मश सफदर म्हणायचे.

"त्यातलं एक तुम्ही घातलंय, आगाजान," मी सासऱ्यांना म्हणायचे.

"माझं कुलूप नाही. माझी किल्ली आहे."

त्या वर्षी आम्ही तूबाचं झाड उतरवत होतो. शेजारचे गडी लांब काठ्यांनी फांद्या झोडत होते, आम्ही बायका खाली हिरवी साल सोलत होतो. सालीनं हात काळे होतात आणि तो काळेपणा थंडी सरेपर्यंत जात नाही. रोझीन घोंगडीवर बसली होती. इरज मिनीबस घेऊन शहरात गेला होता. दुपारच्या जेवणानंतर धुकं आलं. ते वरून उतरलं नाही. ओढ्यातून उठून, झाडांच्या बुंध्यांमधून, एखादं जनावर वास घेत यावं तसं आलं. काठ्यांचा आवाज थांबला. मी घोंगडीकडे पाहिलं. घोंगडी रिकामी होती.

पहिल्यांदा सगळेच ओरडलो. चारी बाजूंनी रोझीन, रोझीन. धुक्यात हाका फिरून आमच्याच कानांवर येत होत्या. मी ओढ्याकडे धावले, तूबा माझ्या मागे. ओढा त्या दिवसांत फार खोल नसतो, पण तीन वर्षांच्या पोरीला खोली किती लागते. मी पाण्यात हात घालून दगड चाचपत होते. दगडच होते.

मग वरून मश सफदरांचा आवाज आला. "गप्प राहा सगळे. एकजणच हाक मारेल. पोरीला कळू दे आवाज कुठून येतोय."

गुडघे दुखणारा तो माणूस केव्हा वर पोचला कोण जाणे. ते गंजनाम्याच्या कड्याला पाठ लावून उभे राहिले होते. तिथून मारलेली हाक कडा दरीत खाली फेकतो, हे त्यांना माहीत होतं. तिथं त्यांनी आयुष्य घालवलं होतं. आम्ही तोंडावर हात ठेवून उभ्या राहिलो. आईला आपल्या हरवलेल्या मुलीला हाक मारायची नाही असं सांगणं काय असतं, ते मी लिहू शकत नाही. मी गप्प राहिले.

"रोझीन, ये. मी इथं आहे. ये माझ्याकडे." फारसीत.

धुकं. पाण्याचा आवाज. पुन्हा तेच, फारसीत. उत्तर नाही.

माझ्या शेजारी तूबा ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसली. हात उघडे धरून ती हजरत अब्बासच्या नावानं काहीतरी पुटपुटत होती. मला एवढंच ऐकू आलं: झाड.

वर बराच वेळ शांतता होती. मग तोच आवाज, पण ओळखू न येण्यासारखा, खडबडीत तुर्कीत: रोझीन, ये, मी इथं आहे. तूबानं मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून तिनं आपली भाषा ऐकली नव्हती. ती रडायला लागली, तोंड दाबून, आवाज न करता.

आणि मग कुर्दी. मोडकी, चुकीच्या जागी जोर दिलेली, पण माझी. ये, मी इथं आहे, ये माझ्याकडे. माझ्या माहेरचा कुणी माणूस त्या धुक्यात उभा असावा तसं झालं मला.

पुन्हा फारसी. पुन्हा तुर्की. पुन्हा कुर्दी. ते क्रमानं म्हणत राहिले, घाव घालावा तसे, एकाच ठिकाणी.

पोरीनं उत्तर दिलं नाही, ती रडली. धबधब्याच्या खाली, खडकाच्या पुढे आलेल्या जिभेखाली ती बकरीच्या पिल्लासारखी अंग आखडून बसली होती. रडण्याच्या दिशेनं मीच आधी पोचले. तिचे ओठ निळे होते आणि मुठीत हिरव्या सालीचा अक्रोड होता. कुठल्या हाकेला ती रडली ते मला सांगता येणार नाही. त्या वेळी तिन्ही एकमेकांत मिसळल्या होत्या.

घरी कुर्सीच्या, म्हणजे निखाऱ्यांवर ठेवलेल्या बैठ्या मेजाच्या, रजईखाली तिला ऊब देत असताना शेजारी जमले होते. तूबानं त्या सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणजे मागं घेता येऊ नये: "मी नवस बोलले होते. पोर सापडली तर मेहेर सोडला. झाड मश सफदरांचं. त्यांनी खणावं."

सगळ्यांनी मश सफदरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, चहाचा पेला तसाच. त्यांनी मान हलवली, पण ती कशाला ते कळलं नाही.

सकाळी तूबानं कुदळ आणि फावडं स्वतः झाडाखाली नेऊन ठेवलं. मी सालीचे ढीग भरत होते. मश सफदर आले.

"खणा," तूबा म्हणाली.

"थांब जरा."

"जन्मभर थांबलात. आता कुदळ जड झाली?"

"तूबा, मी नाही खणणार."

"नवस आहे. माझ्या मानेवर ठेवू नका."

ते सालीच्या ढिगाजवळ बसले. हातानं गुडघा चोळत म्हणाले, "काल मी वरून काय बोललो, ऐकलंस?"

"सगळ्या दरीनं ऐकलं. तुमची तुर्की ऐकून बकऱ्या चरायच्या थांबल्या."

"काय बोललो?"

"ये म्हणालात. इथं आहे म्हणालात."

"आणि नंतर?"

"नंतर तेच. पोर कुठल्या भाषेत ऐकेल कुणाला ठाऊक होतं?"

मश सफदर झाडाकडे बघत राहिले. "त्यालाही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"कोणाला?"

"राजाला."

तूबाला आधी कळलं नाही. मग कळलं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि सोललेला एक अक्रोड दगडानं फोडून तिनं गर त्यांच्या हातावर ठेवला. ते तो सावकाश चावत राहिले.

"मला राजाचं सांगू नका," शेवटी ती म्हणाली. "झाडाचं बोला. मी दिलंय. घ्यायलाच हवं."

"घेतलं. तुझा नवस फिटला. पण माझ्या झाडाचं काय करायचं ते मी ठरवणार."

"काय करणार?"

"ठरवतो."

ठरवायला त्यांना हिवाळा लागला. तो हिवाळा सोपा नव्हता, हे सांगितलं नाही तर मी त्यांच्यावर अन्याय करेन. माणसाचा खजिना एका दुपारी गेला होता. कुणी चोरला असता तर चोरावर चिडता आलं असतं. ते रजईखाली हात घालून बसत, आणि त्यांच्या डोळ्यांतलं ते घाव शोधणं बंद झालं होतं. इरज एकदा म्हणाला, "बाबा, मी सांगितलं होतं ना, पाटीवर..." आणि तूबानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला उठला.

मला मात्र ते बोलवायचे. "सूनबाई, त्या दिवशी माझी कुर्दी बरोबर होती का?"

"आगाजान, खरं सांगू?"

"सांग."

"मेंढपाळ कोकराला बोलवतात तसं बोललात तुम्ही."

ते विचारात पडले. "मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं. मग नातीला कसं बोलवतात?"

मी शिकवलं. ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. रोझीन रजईच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांना दुरुस्त करायची. ती आता बोलायला लागली होती, आणि एकदा लागल्यावर तिन्हींत लागली, आणि थांबेना. तूबा म्हणायची, पाटाचं दार काढलंय, आता बंद कोण करणार. कधी कधी मश सफदर मध्येच तुर्कीत काहीतरी बोलत आणि तूबा ऐकून न ऐकल्यासारखं करत पुढच्या कामाला लागायची. तिचे कान लाल झालेले मला दिसायचे.

एका संध्याकाळी त्यांनी इरजला पाटीवरचं सगळं पुन्हा सांगायला लावलं. जमीन, आकाश, माणूस, माणसाचं सुख. "माणसाचं सुख हे छिन्नीनं कोरलंय?" त्यांनी विचारलं. इरज हो म्हणाला. "चांगलं काम केलंय," ते म्हणाले. एका कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं.

पुढच्या शरदात झाड उतरवलं तेव्हा त्यांनी आपलं ठरवलेलं सांगितलं. तूबाच्या झाडाचे अक्रोड घरात येणार नाहीत. ते वर खडकापाशी जातील आणि जो येईल त्याला मिळतील. ते स्वतः पोतं घेऊन कठड्यावर बसू लागले. तेहरानहून सहलीला आलेल्यांना, अलवंदवर चढणाऱ्यांना, धबधब्यात पाय घालून बसलेल्या पोरांना. घ्या, नवसाचे आहेत, असं फारसीत म्हणत, मग तुर्कीत, मग कुर्दीत, समोर कोण आहे ते न बघता. लोकांना ती गंमत वाटायची. कुणी विचारलं, बाबा, इथं खजिना आहे म्हणतात ते खरं का, तर ते पाटीकडे हात करायचे.

"तिथं लिहिलंय. वाचा. बरोबर आहे ते."

अशी काही वर्षं गेली. दगडाची धूळ शेवटी छातीत बसलीच. एका शरदात त्यांना दारापर्यंतही जाता येईना. अक्रोड उतरवून झाले, पोती भरली, आणि तूबानं डोक्याला रुमाल घट्ट बांधला.

"मी जाते," ती म्हणाली. "तुम्ही रजईतून बाहेर पाय काढू नका."

"तुला वर चढवेल?"

"तुमच्या खड्ड्यांत न पडता एवढी वर्षं चालले या डोंगरात. चढवेल."

रोझीन आणि मी पोतं घेऊन तिच्याबरोबर गेलो. सबंध संसारात तूबा तिथं कधी गेलीच नव्हती. ज्या दगडानं नवरा नेला होता तो तिला बघायचा नव्हता. ती कोनाड्यांपुढे उभी राहिली. उन्हात अक्षरांच्या कडा चमकत होत्या. तिनं तिन्ही रकाने सावकाश पाहिले, मग शेजारचा मुलाचा कोनाडा पाहिला.

"कोरणाऱ्याचा हात चांगला होता," ती म्हणाली, आणि कठड्यावर बसून पोत्याचं तोंड सोडलं.

सनंदजकडचं एक कुर्दी कुटुंब चढून आलं. नवरा, बायको, म्हातारी. तूबानं ओंजळ पुढं केली आणि तुर्कीत म्हणाली, घ्या. त्यांना कळलं नाही. माणसानं छातीवर हात ठेवून नको नको केलं. फुकटचं कसं घ्यायचं. तूबानं माझ्याकडे पाहिलं. मी कुर्दीत सांगितलं की हे नवसाचे आहेत, नाही म्हणू नये.

"कशाचा नवस, बहिणी?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधी रोझीन कठड्यावरून उतरली. "माझा," ती त्याला कुर्दीत म्हणाली. "मी हरवले होते. आजोबांनी मला इथून बोलावलं."

त्या माणसानं आपली टोपी काढली आणि अक्रोड घेण्यासाठी पुढं धरली.